तरणा कोंबडा केव्हा आरवू लागतो? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

रायपूरच्या भोवतालच्या गावांत अगदी पहाटेच्या वेळेला ‘कुकरा बासे के बेरा’ म्हणतात. छत्तीसगढीत कुकरा म्हणजे कोंबडा आणि बासना म्हणजे आरवणे. मराठीतही ‘कोंबडा आरवायच्या वेळी’ असेच आपण म्हणतो. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी ही वेळ सांगणारा कोंबडा दाराशीच असे. पण कोणताही कोंबडा जन्मापासून आरवत नाही. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू ‘चिव चिव’ करते. काही महिने जातात आणि एके दिवशी तेच पिल्लू मान ताणून, डोळे बारीक करून एक फाटका, अर्धवट आवाज काढते. तो आवाज नेमका केव्हा येतो आणि का येतो?

या टिपणात आपण याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. प्रश्न कोंबडीपालनाचा वाटतो आणि तो आहेही. परंतु त्याचे उत्तर शोधताना शरीरशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. शरीराचा एक भाग दुसऱ्या भागाला रक्तातून निरोप पाठवतो, ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती अजून आरवू न लागलेल्या सहा तरण्या कोंबड्यांमध्ये. ज्या निरीक्षणावर हा शोध उभा आहे ते दोन हजार वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मग शोधाला इतका वेळ का लागला, हा आपला खरा मुद्दा आहे.

1. पाळणाऱ्याचे उत्तर

कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घरी हा प्रश्न विचारला तर उत्तर लगेच मिळते: चौथ्या-पाचव्या महिन्यात. हे उत्तर बरोबर आहे. बहुतेक कोंबडे सोळा ते वीस आठवड्यांच्या सुमारास नियमित आरवू लागतात. काही जण आठव्या-दहाव्या आठवड्यातच पहिला प्रयत्न करतात, तर काही सहा महिन्यांचे होईपर्यंत गप्प असतात. लेगहॉर्नसारख्या हलक्या अंगाच्या जाती लवकर वयात येतात. असीलसारख्या जड, उंच, संथ वाढणाऱ्या जातींना अधिक काळ लागतो.

असीलचा उल्लेख येथे मुद्दाम केला. या जातीचे मूळ क्षेत्र म्हणून छत्तीसगढ, ओडिशा आणि आंध्र प्रदेश यांची नोंद आहे. बस्तरच्या हाटांत, म्हणजे आठवडी बाजारांत, कोंबड्यांच्या झुंजी लागतात. त्यात पायाला धारदार पाते बांधून असीलसारखे लढाऊ कोंबडे उतरवले जातात. प्राण्यांना झुंजवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. झुंजीसाठी कोंबडा निवडणाऱ्या माणसाला त्याच्या वयात येण्याची खूण ओळखता यावी लागते. तुरा कधी लाल झाला, गळ्याखालची कातडी कधी लोंबू लागली, मानेवरची पिसे कधी लांब व चमकदार झाली, दुसऱ्या नरावर तो कधी धावून गेला आणि पहिली बांग कधी दिली, या सगळ्या खुणा एकाच सुमारास येतात हे त्याला ठाऊक असते.

साध्या घरीही या आवाजावर बरेच अवलंबून असते. पिल्लांमध्ये नर कोण आणि मादी कोण हे लहानपणी सहज कळत नाही. पहिली बांग म्हणजे अखेरचा निकाल. आरवणारा कोंबडा अंडी देणार नाही, हे निश्चित झाले की त्याचे काय करायचे ते ठरते. एखादा खुराड्यासाठी ठेवायचा, बाकीचे विकायचे किंवा पाहुणा आला की कापायचे. तरण्या कोंबड्याची पहिली बांग त्याच्या दृष्टीने फारशी शुभ नसते.

ही माहिती अनुभवातून आलेली आहे आणि ती खरी आहे. मात्र ती ‘केव्हा’चे उत्तर देते, ‘का’चे नाही. या सर्व खुणा एकाच वेळी का याव्यात? तुरा डोक्यावर, पिसे मानेवर, आवाज छातीत आणि राग डोक्यात. या चार ठिकाणांना एकाच आठवड्यात जागे करणारे कोण?

2. रानातून दारात

आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी. छत्तीसगढच्या सालाच्या जंगलांत ती आजही आढळते. सह्याद्रीत आणि दक्षिणेत दिसते ती करडी रानकोंबडी. ती वेगळी जात असून तिच्या नराची बांगही वेगळी असते. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीला कारणीभूत असलेले जनुक या करड्या रानकोंबडीकडून आले असावे, असे 2008 मधील एका जनुकीय अभ्यासात दिसले. तांबड्या रानकोंबड्याची बांग मात्र आपल्या ओळखीची वाटते. फक्त ती आखूड असते आणि शेवटी एकदम तुटते.

कोंबडी माणसाळली कुठे व केव्हा, यावर बराच वाद झाला आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जुन्या हाडांची पुन्हा तपासणी झाली. त्यात निर्विवाद पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणची ठरली. त्यांचा काळ इसवी सनपूर्व 1650 ते 1250 असा धरला आहे. संशोधकांचे म्हणणे असे की, भात आणि भरड धान्यांची कोरडवाहू शेती सुरू झाली, दाणे साठू लागले आणि त्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या वस्तीजवळ आल्या. भाताच्या प्रदेशात राहणाऱ्या आम्हा रायपूरकरांना ही कल्पना सहज पटते.

माणसाच्या दारात आल्यावर कोंबडीचा आकार, रंग, अंड्यांची संख्या असे खूप काही बदलले. नराने वयात आल्यावर आरवायचे, हे मात्र बदलले नाही.

3. दोन हजार वर्षांचे निरीक्षण

विद्वानांचे कान या आवाजाकडे फार पूर्वीच गेले होते. पाणिनीने अष्टाध्यायीत ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या तीन मात्रा सांगताना ‘उ’ हा स्वर उदाहरणाला घेतला आहे. ‘अ’ने सुरू होणाऱ्या वर्णमालेत ‘उ’च का निवडला, याचे परंपरेने दिलेले स्पष्टीकरण मजेदार आहे: कोंबड्याच्या आरवण्यात आखूड, लांब आणि अतिलांब असे तिन्ही ‘उ’ ओळीने ऐकू येतात. व्याकरण शिकणाऱ्याला मोजमापाचा नमुना म्हणून रोज पहाटे तयार असलेला आवाज दाखवून दिला.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्राण्यांविषयीच्या ग्रंथात खच्ची केलेल्या कोंबड्याचे वर्णन केले आहे. असा कोंबडा वयात आलेला असेल तर त्याचा तुरा फिका पडतो, तो आरवणे सोडतो आणि कोंबड्यांच्या मागे जात नाही. लहान असतानाच खच्ची केला तर ही लक्षणे त्याच्यात येतच नाहीत. मांस मऊ व चरबीदार व्हावे म्हणून कोंबडे खच्ची करण्याची पद्धत युरोपात पुढेही चालू राहिली.

म्हणजे वृषण काढले की बांग थांबते, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते. स्वयंपाकी, शेतकरी, वैद्य सर्वांना ते माहीत होते. आपल्याकडेही बैल बडवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नव्हते: बडवलेला बैल शांत होतो, मान बारीक राहते. तरीही या माहितीतून सिद्धांत निघाला नाही. काढून टाकल्यावर काय होते एवढेच पाहिले जात होते. काढलेला भाग नेमके काय करत होता आणि कोणत्या वाटेने करत होता, हे त्यातून कळत नाही. रेडिओची एक तार तोडली आणि आवाज बंद झाला, म्हणून आवाज त्या तारेत तयार होतो असे म्हणता येत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हे प्रत्येकाला कधी ना कधी समजावून द्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकात शरीरातील निरोपांची वाट म्हणजे मज्जातंतू, असे बहुतेकांना वाटत होते. वृषणातून मज्जातंतू मेंदूकडे जातात. तेव्हा वृषण काढले की ही तार तुटते व आवाज थांबतो, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटे. ते चूक ठरवायचे तर वृषण शरीरात ठेवून फक्त तार तोडावी लागणार होती.

4. गॉटिंगेन, 1848

हे काम केले आर्नोल्ड आडोल्फ बर्टहोल्ड यांनी. 1803 मध्ये जन्मलेले बर्टहोल्ड जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होते आणि तेथील प्राणिसंग्रहाचे कामही पाहत. ऑगस्ट 1848 मध्ये त्यांनी सहा तरणे कोंबडे घेतले. वय दोन ते तीन महिने. म्हणजे अजून नियमित आरवू न लागलेले, पण लवकरच आरवतील असे.

या वयाची निवड महत्त्वाची आहे. आधीच आरवणाऱ्या कोंबड्याचा आवाज थांबला तर आजारपण, जखम, भीती अशी अनेक कारणे देता येतात. पण ज्याचा आवाज अजून फुटायचाच आहे तो पुढे ठरलेल्या वेळी फुटला, तर शरीरात काहीतरी नीट काम करत आहे याचा तो होकारार्थी पुरावा होतो.

बर्टहोल्ड यांनी सहा पक्ष्यांच्या तीन जोड्या केल्या.

पहिल्या जोडीचे दोन्ही वृषण काढून टाकले.

दुसऱ्या जोडीचा एक वृषण काढला आणि दुसरा मूळ जागेवरून सोडवून पोटाच्या पोकळीतच मोकळा ठेवला.

तिसऱ्या जोडीचे दोन्ही वृषण काढले आणि एकाचा एक वृषण दुसऱ्याच्या पोटात आतड्यांच्या मध्ये ठेवला; म्हणजे अदलाबदल केली.

पुढील महिन्यांत निकाल स्पष्ट झाला. पहिली जोडी खच्ची कोंबड्यांसारखीच वाढली. तुरा लहान आणि फिका राहिला, भांडण नाही, बांग नाही. उरलेले चारही कोंबडे इतर नरांसारखे झाले. तुरे वाढले, ते एकमेकांशी भांडू लागले, कोंबड्यांच्या मागे लागले आणि आरवू लागले. नंतर पोट उघडून पाहिल्यावर मोकळे ठेवलेले वृषण आतड्याला चिकटून वाढलेले दिसले. त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जुने मज्जातंतू मात्र तुटलेलेच होते.

यातून निघणारा निष्कर्ष बर्टहोल्ड यांनी 1849 मध्ये अवघ्या काही पानांच्या लेखात मांडला. वृषण रक्तावर काही परिणाम करतात आणि ते रक्त सर्व शरीरावर परिणाम करते. मज्जातंतूंची येथे गरज नाही. तार तुटलेली असूनही आवाज आला होता.

विद्यार्थ्यांनी या प्रयोगाची रचना लक्षात ठेवावी. त्यात महाग उपकरण एकही नाही. सहा कोंबडे, एक धारदार पाते, आणि तीन जोड्यांची तुलना. वृषणाची जागा बदलली, मालक बदलला, मज्जातंतू तोडले. रक्तपुरवठा मात्र पुन्हा जुळू दिला. त्या आधीच्या शतकात लंडनचे प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनीही कोंबड्याचे वृषण दुसऱ्या पक्ष्यात बसवून पाहिले होते. पण त्यांचा प्रश्न होता, एका शरीरातून काढलेला भाग दुसऱ्या शरीरात जगतो का? कृती जवळपास तीच, प्रश्न वेगळा. म्हणून निष्कर्षही वेगळा राहिला.

5. पन्नास वर्षांचे मौन

इतका स्वच्छ प्रयोग लगेच गाजायला हवा होता. तसे झाले नाही. गॉटिंगेनमधीलच शरीरशास्त्रज्ञ रुडॉल्फ वाग्नर यांनी तो पुन्हा करून पाहिला, पण त्यांना यश आले नाही. वृषण उपटून दुसरीकडे रुजवणे हे हाताच्या कौशल्याचे काम आहे. जखम चिघळली किंवा रक्तवाहिन्या फुटल्या नाहीत तर निकाल उलटा येतो. बर्टहोल्ड यांनीही पुढे हा विषय वाढवला नाही. 1861 मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो लेख ग्रंथालयात पडून राहिला.

दुसरे कारण विचारांच्या चौकटीत होते. ‘रक्तातून निरोप’ या कल्पनेला तेव्हा नावच नव्हते. नाव नसलेली गोष्ट दिसली तरी ती कोणत्या कप्प्यात ठेवायची हे कळत नाही.

1889 मध्ये पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांचे शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तरुणपणाचा जोम आल्याचे जाहीर केले. युरोप-अमेरिकेत खळबळ उडाली आणि असे अर्क विकणाऱ्यांचा धंदा जोरात चालला. आज आपल्याला माहीत आहे की वृषणात हे द्रव्य फारसे साठून राहत नाही आणि ते पाण्यात नीट विरघळतही नाही. त्यामुळे त्या अर्कात परिणाम होण्याइतके द्रव्य नव्हते. जो जोम वाटला तो मनाचा होता. येथे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. बर्टहोल्ड यांच्याकडे तुलनेसाठी वृषण नसलेली जोडी होती, आणि कोंबड्याला आपण तरुण झालो अशी समजूत करून घेता येत नाही. ब्राउन-सेकार यांच्या प्रयोगात पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच होता. तरी गाजला तो दुसराच.

कल्पनेला नाव मिळाले ते विसाव्या शतकात. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तेथे आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडाने रस सोडला. म्हणजे पुन्हा तीच रीत: तार तोडायची आणि निरोप पोहोचतो का ते पाहायचे. 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणे, जागे करणे असा आहे. मराठीत आपण ‘संप्रेरक’ म्हणतो. बर्टहोल्ड यांच्या कोंबड्यांना शास्त्रात जागा मिळाली ती त्यानंतर.

6. तुरा हेच मापक

आता प्रश्न उरला होता तो द्रव्य शोधून वेगळे करण्याचा. येथेही कोंबडाच कामाला आला. अर्कात संप्रेरक आहे की नाही हे सांगणारे दुसरे साधन त्या वेळी नव्हते. खच्ची कोंबड्याला अर्क टोचायचा आणि त्याचा तुरा किती वाढतो ते मोजायचे. तुरा वाढला तर द्रव्य आहे. जास्त वाढला तर जास्त आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर खच्ची कोंबडा हा संवेदक होता आणि तुरा हा त्याचा काटा.

शिकागो विद्यापीठात फ्रेड कॉख आणि त्यांचे विद्यार्थी लेम्युएल मॅगी यांनी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात याच मार्गाने काम केले. शिकागोत मोठे कत्तलखाने होते, म्हणून बैलांचे वृषण भरपूर मिळत. सुमारे 18 किलो वृषणांतून त्यांना केवळ 20 मिलिग्रॅम अशुद्ध पण प्रभावी अर्क मिळाला. तो टोचल्यावर खच्ची कोंबड्यांची नराची लक्षणे परत आली.

1935 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे 100 किलो वृषणांतून 10 मिलिग्रॅमच्या आसपास शुद्ध स्फटिक मिळवले आणि त्याला ‘टेस्टोस्टेरॉन’ हे नाव दिले. त्याच वर्षी आडोल्फ ब्यूटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी वेगवेगळे काम करून ते प्रयोगशाळेत तयार केले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. त्या वेळच्या जर्मन सरकारने ब्यूटेनांट यांना ते स्वीकारू दिले नाही. युद्धानंतर ते त्यांच्याकडे पोहोचले.

शुद्ध द्रव्य हाती आल्यावर मूळ प्रश्न उलटा विचारता आला: वय न होता हे द्रव्य दिले तर? लहान पिल्लांना ते दिल्यावर त्यांचे तुरे वाढले आणि काही दिवसांतच ती पिल्ले बारीक आवाजात आरवू लागली. म्हणजे वयाचा आकडा हे कारण नव्हते. रक्तात हे द्रव्य पुरेसे झाले की आवाज फुटतो. चार-पाच महिने हा ते पुरेसे होण्याला लागणारा काळ आहे.

7. बांग शिकावी लागते का?

येथे आणखी एक शंका येते. तरणा कोंबडा मोठ्या कोंबड्याचे ऐकून आरवायला शिकतो का? गाणाऱ्या अनेक पक्ष्यांची पिल्ले बापाचे गाणे ऐकून शिकतात. ऐकू आले नाही तर त्यांचे गाणे बिघडते. कोंबड्याचे तसे नाही. मासाकाझू कोनिशी यांनी 1963 मध्ये दाखवले की बहिरे केलेले कोंबडेही नेहमीसारखेच आवाज काढतात. स्वतःचा आवाज ऐकून दुरुस्त करण्याची त्यांना गरज पडत नाही. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत ही प्रतिपोषण नसलेली, उघड्या साखळीची रचना झाली.

1988 मध्ये फ्रान्समध्ये इव्हान बालाबान, मारी-एमे तेये आणि निकोल ल दुआरँ यांनी त्याहून पुढचा पुरावा दिला. कोंबडीच्या भ्रूणात त्यांनी लाव्या पक्ष्याच्या भ्रूणातील मेंदूचा होणारा भाग बसवला. अशी काही पिल्ले आरवली तेव्हा त्यांच्या बांगेत लाव्याच्या आवाजाची धाटणी होती. बांगेचा नकाशा मेंदूत जन्मतःच असतो. संप्रेरक तो चालू करते. पहिली बांग फाटकी येते ती शिक्षण अपुरे म्हणून नव्हे, तर शरीर अजून पुरते तयार झालेले नसते म्हणून.

8. पहाट आणि पहिला मान

आवाज फुटला तरी केव्हा आरवायचे हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे म्हण आहे की कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठातील त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी 2013 मध्ये याची उलट बाजू तपासली: उजाडलेच नाही तर कोंबडा आरवतो का? बारा तास उजेड आणि बारा तास मंद प्रकाश अशा खोलीत कोंबडे उजेड होण्याच्या सुमारे दोन तास आधीच आरवू लागत. नंतर उजेड बंद करून सतत मंद प्रकाश ठेवला, तरी ते सुमारे 23.7 तासांच्या अंतराने आरवत राहिले. हळूहळू हा क्रम विस्कटला, पण निदान काही दिवस तरी घड्याळ त्यांच्या आतच होते.

2015 मध्ये याच गटाने एक सामाजिक नियम दाखवला. चार कोंबडे एकत्र असतील तर रोज पहिली बांग सर्वांत वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने त्याच्यामागून आरवतात. पहिल्याला बाजूला काढले की दुसरा सुरुवात करतो. एकाच वयाच्या भावांपैकी एक लवकर आरवतो आणि दुसरा महिनाभर गप्प राहतो, याचे कारण अनेकदा येथे असते. खुराड्यात दांडगा कोंबडा असेल तर तरणा कोंबडा दबून राहतो. दांडगा विकला गेला की दुसऱ्या दिवशी ‘हा आजच आरवायला लागला’ असे घरचे म्हणतात. त्याचा आवाज आधीच तयार झालेला असतो.

9. आजची स्थिती

आता सुरुवातीच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देता येते. तरणा कोंबडा साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात आरवू लागतो, कारण तेव्हा त्याच्या वृषणांतून पुरेसे संप्रेरक रक्तात येऊ लागते. ते मेंदूत आधीपासून असलेली बांग चालू करते. त्याच वेळी तुरा वाढवते आणि राग जागा करते. जात, दिवसाची लांबी, खाणे आणि खुराड्यातील मान यांनुसार हा काळ मागेपुढे होतो.

पण आज बहुतेक कोंबड्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच कापला जातो. त्या वयाला त्याचे वजन दोन किलोच्या आसपास पोहोचते, आवाज मात्र पिल्लाचाच असतो. अंड्यांच्या जातींत नर पिल्ले नकोच असतात. एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग हाताने तपासून ओळखण्याची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांच्या कामातून पुढे आली आणि 1930 च्या दशकात जगभर पसरली. तेव्हापासून उबवणी केंद्रांना पहिल्या बांगेची वाट पाहण्याची गरज उरली नाही. नर पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी काढली जातात आणि बहुधा मारली जातात.

म्हणून पहिली बांग आज ऐकू येते ती मुख्यतः परसातल्या कोंबड्यांत: छत्तीसगढच्या, विदर्भाच्या, कोकणाच्या गावांत, जिथे देशी कोंबडा चार-पाच महिने जगतो. या घरांत केलेले निरीक्षण कधीच चुकीचे नव्हते. ॲरिस्टॉटलने लिहिले तेही चूक नव्हते. त्यात भर हवी होती ती एका नेमक्या प्रश्नाची आणि त्या प्रश्नाला साजेशा तुलनेची. शहरातील विद्यार्थ्याला ही बांग ऐकायला मिळत नसेल तर त्याचे एक निरीक्षण कमी झाले, आणि गावातील विद्यार्थ्याला ती रोज ऐकू येत असेल तर प्रयोगशाळेत न मिळणारी एक गोष्ट त्याच्या दाराशी आहे.

विचारासाठी प्रश्न

1. बर्टहोल्ड यांनी फक्त पहिली जोडी वापरली असती, तर त्यांना कोणता निष्कर्ष काढता आला नसता?

2. तीन महिन्यांऐवजी एक वर्षाचे, आधीच आरवणारे कोंबडे घेतले असते तर पुरावा कोणत्या अर्थाने दुबळा झाला असता?

3. ब्राउन-सेकार यांचा प्रयोग चूक असूनही गाजला आणि बर्टहोल्ड यांचा बरोबर असूनही विसरला गेला. याची दोन कारणे लिहा.

4. तुमच्या परिसरात कोंबड्या पाळणारे घर असल्यास तेथील तरण्या कोंबड्यांच्या पहिल्या बांगेचे वय विचारा व नोंदवा. जात, खुराड्यातील इतर नरांची संख्या आणि महिना या तीन गोष्टी त्यासोबत लिहा. उत्तरांमधील फरक यांपैकी कशाने समजावता येतो?